वेगाला वेसण : धावपट्टीवरील मोटार आणि तिचे ब्रेक

(ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मोटार विकत घेताना ती ताशी किती किलोमीटर धावते, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. ती किती वेळा आणि किती खात्रीने थांबते, असे विचारणारा विरळाच. वस्तुतः बैलगाडी हाकणाऱ्याला हे शहाणपण फार पूर्वीपासून ठाऊक होते. उतार लागण्यापूर्वीच तो खाली उतरून बैलांच्या पुढे उभा राही, चाकाला ठोकळा लावी आणि मगच गाडी सोडी. यंत्रयुगात वेग वाढला, तथापि उतरणीचा नियम बदललेला नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी श्रोत्यांपासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. रोजच्या वापराची मोटार शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणजे ज्याला सर्वत्र ट्रॅक म्हणतात तेथे, चालवावयाची असेल तर तिच्या ब्रेकमध्ये कोणत्या सुधारणा कराव्या लागतात, हा तो विषय होय. परंतु धावपट्टीवर जे पाच मिनिटांत घडते, तेच घाटात अर्ध्या तासात घडते. चोर्ला, अनमोड, आंबोली अथवा इंदूरहून निमाडात उतरणारे घाट यांच्या परिसरात राहणाऱ्यांना हा विषय परका राहू नये, हा या विवेचनाचा हेतू आहे. शिवाय आपल्या मोटारीत हौसेने फेरफार करणाऱ्या तरुणांची संख्या वाढत आहे. त्यांना नुसते रागावून उपयोग नाही; योग्य काय आणि अयोग्य काय, हे कारणांसह सांगितले पाहिजे.

भारतात मोटार शर्यतींची परंपरा अगदीच नवी नाही. चेन्नईजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. पुढे श्रीपेरुम्बुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीची कायम स्वरूपाची धावपट्टी झाली. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. उत्तरेत ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११, २०१२ व २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. अशा धावपट्ट्यांवर केवळ शर्यतीच्याच नव्हे, तर घरच्या मोटारीही, रीतसर शुल्क भरून आणि देखरेखीखाली, चालविण्याची सोय काही दिवशी करण्यात येते. तेथेच ब्रेकची खरी परीक्षा होते.

ब्रेक नेमके काय करतो?

ब्रेक मोटार थांबवितो, हे उत्तर अपुरे आहे. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ब्रेक हा गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारा एक साधा संच आहे. ऊर्जा नष्ट होत नाही. ती केवळ रूप पालटते. धावणाऱ्या मोटारीत साठलेली ऊर्जा घर्षणामुळे लोखंडी चकतीत उष्णतेच्या रूपाने उतरते आणि तेथून हवेत जाते.

ही ऊर्जा किती असते? माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही हे गणित करू शकेल. वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, हे सूत्र त्याला पाठ असते. १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे १ लाख १६ हजार ज्यूल ऊर्जा असते. वेग ताशी १०० किलोमीटर केला की ही ऊर्जा दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ४ लाख ६३ हजार ज्यूल होते. वेगाच्या वर्गाचा हा परिणाम ज्याच्या ध्यानी आला, त्याला ब्रेकचा निम्मा विषय समजला असे म्हणावयास हरकत नाही.

आता धावपट्टीवरील एका वळणाचा विचार करावा. मोटार ताशी १६० किलोमीटर वेगाने सरळ भागावरून येते आणि वळणापूर्वी तिचा वेग ताशी ६० किलोमीटरवर आणावा लागतो. या एका क्रियेत सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअस तापमानाचे जवळजवळ साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे काम होते अवघ्या साडेतीन सेकंदांत. म्हणजे त्या अवधीत ब्रेक सुमारे ३९० अश्वशक्तीच्या दराने काम करीत असतात. ज्या मोटारीचे इंजिन ८० ते ९० अश्वशक्तीचे आहे, तिचे ब्रेक इंजिनाहून चौपटीने अधिक जोर लावतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

ब्रेक दाबताच मोटारीचा भार पुढे झुकतो. जोराच्या ब्रेकमध्ये भाराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग पुढील चाकांवर येतो. म्हणून पुढील ब्रेक मोठे व मागील लहान असतात; आणि म्हणूनच मारुती स्विफ्ट किंवा फोक्सवॅगन पोलो यांसारख्या मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम अशी योजना सर्रास आढळते. पुढील दोन चकत्यांचे वजन प्रत्येकी ६ किलोग्रॅम धरले, तर वर सांगितलेल्या एकाच वळणात त्यांचे तापमान सुमारे १४० अंशांनी वाढते. हवेचा विरोध आणि इंजिनाचा ओढा यांमुळे हा आकडा थोडा कमी होतो, हे खरे. पण धावपट्टीच्या एका फेरीत अशी वळणे अनेक असतात आणि एका वेळी पाच-दहा फेऱ्या मारल्या जातात. चकती निवण्यास पुरेसा अवकाशच मिळत नाही. उष्णता येण्याचा वेग उष्णता जाण्याच्या वेगाहून अधिक झाला की तापमान चढतच जाते. ५०० ते ६०० अंशांच्या पुढे चकती अंधारात लालसर दिसू लागते.

पूर्वेतिहास

ब्रेकची कथा बैलगाडी व घोडागाडी यांच्यापासून फार दूर नाही. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक कल्पक गृहस्थ होता. तेथील डोंगराळ रस्त्यांवर गाडीवाले लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचे तुकडे जोडून गाड्या उतरवितात, हे पाहून त्याला अधिक टिकाऊ घर्षण-पदार्थ बनविण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १८९७ मध्ये त्याने हे काम आरंभिले. त्यातूनच पुढे फेरोडो ही प्रसिद्ध कंपनी उभी राहिली.

१९०२ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रम ब्रेकला व्यवहार्य रूप दिले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. तथापि पुढील पन्नास वर्षे ड्रमचेच राज्य राहिले. ड्रम म्हणजे बंद डबा. त्याच्या आत लायनर बसविलेले दोन शू असतात आणि ते आतून ड्रमवर दाबले जातात. रचना सोपी, धूळ-चिखलापासून बऱ्यापैकी सुरक्षित व हातब्रेकला सोयीची. दोष एवढाच की उष्णता आत कोंडते. शिवाय तापल्यावर ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते.

डिस्क ब्रेकमध्ये चकती उघड्यावर फिरते आणि कॅलिपरमधील पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. वारा तिच्यावर सतत खेळतो. या गुणाची जाहीर प्रचीती १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत आली. डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारींनी तेथे पहिला, दुसरा व चौथा क्रमांक पटकाविला. विजयी मोटार टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी चालविली होती. तेथील धावपट्टीवर सुमारे ६ किलोमीटरचा एक सलग सरळ भाग होता. त्याच्या अखेरीस ड्रम ब्रेकच्या मोटारींना लवकर वेग आवरावा लागे, जॅग्वारचे चालक मात्र बरेच पुढे जाऊन ब्रेक दाबीत. आणि हे ते २४ तास करू शकले. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, फ्रान्सच्याच सिट्रोएन डीएस या घरगुती मोटारीला पुढील चाकांवर डिस्क ब्रेक मिळाले. शर्यतीत सिद्ध झालेली गोष्ट सामान्य माणसाच्या दारी पोहोचल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

ब्रेक निकामी होण्याचे दोन प्रकार

पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो द्रवाच्या द्वारे. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. त्याचे याहून चांगले प्रात्यक्षिक शोधूनही सापडणार नाही. समजा, पायाने ३०० न्यूटन जोर लावला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन १५०० न्यूटन झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटीमीटर आणि कॅलिपरच्या दट्ट्याचे २० चौरस सेंटीमीटर असेल, तर पॅडवर १०,००० न्यूटन जोर येतो. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच हे घडते. वायू मात्र दाबला जातो. द्रवात वाफेचा बुडबुडा झाला की पायाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो.

यावरून ब्रेक तापल्यामुळे होणाऱ्या बिघाडाचे दोन स्वतंत्र प्रकार संभवतात. आणि ते पायालाच ओळखता येतात.

पहिला प्रकार पॅड तापण्याचा. पॅडमधील घर्षण-पदार्थ राळेसारख्या द्रव्याने एकत्र बांधलेला असतो. मर्यादेबाहेर तापला की त्या राळेचा वायू होऊ लागतो, पॅडची पकड घटते, जळका वास येतो. अशा वेळी पेडल नेहमीसारखे कठीणच लागते. पाय कितीही रोवला तरी मोटार मात्र पुरेशी मंदावत नाही.

दुसरा प्रकार ब्रेक ऑईल उकळण्याचा. येथे पेडल मऊ, स्पंजासारखे लागते आणि पाहता पाहता फळीला टेकते. हा प्रकार अधिक घातक होय, कारण तो फारशी पूर्वसूचना देत नाही. चालकाने ब्रेकवरून पाय काढल्यानंतरच्या काही सेकंदांत कॅलिपरमधील उष्णता ऑईलमध्ये उतरत राहते. आणि पुढच्या वेळी पेडल दाबावे तर ते रिकामे जाते. पेडल भराभर दोन-तीन वेळा मारल्यास काही वेळा थोडा दाब परत मिळतो, एवढाच काय तो दिलासा.

पेडल कठीण असून मोटार थांबत नसेल तर दोष पॅडचा, आणि पेडलच खाली जात असेल तर दोष ऑईलचा, हे एक सूत्र प्रत्येक वाहनचालकाने लक्षात ठेवावे. उपाययोजना त्यावरच अवलंबून आहे.

सुधारणांचा योग्य क्रम

धावपट्टीवर जाऊ इच्छिणारा तरुण बहुधा प्रथम मोठ्या, छिद्रे पाडलेल्या चकत्या आणि रंगीत कॅलिपर यांकडे आकर्षित होतो. हा क्रम उलटा आहे. स्वस्त व परिणामकारक उपाय आधी, महागडे उपाय शेवटी, हाच विवेक होय.

सर्वप्रथम ब्रेक ऑईल. त्याचा उत्कलनबिंदू डॉट या संज्ञेने दर्शविलेल्या श्रेणीवरून कळतो. डॉट ३ श्रेणीचे कोरे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला, डॉट ४ किमान २३० अंशांना व डॉट ५.१ किमान २६० अंशांना उकळावे, असा दंडक आहे. पण ही ऑईले हवेतील ओलावा शोषून घेतात. सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ व १८० अंशांवर उतरतात. गोवा-कोकणासारख्या दमट मुलखात, जेथे चार महिने हवा पाण्याने जड असते, तेथे ही बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. रस्त्यावरील वापरासाठीसुद्धा सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी ऑईल बदलणे इष्ट. धावपट्टीवर जाण्यापूर्वी तर ते नवेच हवे. शर्यतीसाठी बनविलेल्या काही ऑईलांचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. ऑईल बदलताना नळ्यांतील एअर पूर्णपणे काढणे आणि डबा उघडल्यावर उरलेले ऑईल पुढच्या वर्षासाठी जपून न ठेवणे, या दोन गोष्टी विसरू नयेत. डॉट ५ हे सिलिकोनचे ऑईल सर्वस्वी वेगळे असते. ते इतर ऑईलांत मिसळू नये.

दुसरा क्रम पॅडचा. साधे पॅड थंड असतानाही चांगले धरतात, आवाज करीत नाहीत आणि चकती फारशी झिजवीत नाहीत; पण साधारणतः ३५० ते ४०० अंशांच्या पुढे त्यांची पकड ढळू लागते. शर्यतीचे पॅड याहून कितीतरी अधिक तापमान सोसतात. परंतु त्यांतील पुष्कळसे थंड असताना नीट धरतच नाहीत. सकाळी घरातून निघून शाळेजवळच्या चौकात पहिल्यांदा ब्रेक दाबावा, तर तो अपेक्षेपेक्षा दुबळा निघतो. यास्तव असे पॅड धावपट्टीवर बसवावेत व परत येताना काढून ठेवावेत, अथवा दोन्हींच्या मधल्या जातीचे पॅड निवडावेत. फॉर्म्युला वन मोटारींच्या कार्बनच्या चकत्या सुमारे १००० अंशांपर्यंत तापतात आणि उत्तम काम देतात. पण थंड असताना त्या जवळजवळ निरुपयोगी असतात. जे शर्यतीत श्रेष्ठ, ते रस्त्यावर श्रेष्ठ असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नवे पॅड बसविल्यावर ते चकतीवर रुळवून घ्यावे लागतात. मध्यम वेगातून अनेकदा ब्रेक दाबून, पण मोटार पूर्ण न थांबविता, पॅडचा पातळ थर चकतीवर बसू द्यावा आणि नंतर काही अंतर ब्रेक न वापरता ती निवू द्यावी. हे न करता थेट वेगात गेल्यास नवेच पॅड पहिल्या काही वळणांत दगा देतात.

तिसरा उपाय वाऱ्याचा. पुढील बंपरमधून नळी काढून हवेचा झोत चकतीच्या मध्यभागाकडे वळविला, तर फार मोठा खर्च न करता चकतीचे तापमान पुष्कळ कमी ठेवता येते. दुपदरी चकतीच्या पोटातील पोकळ्या ही हवा आतून बाहेर फेकतात. ही नळी चाक वळविताना टायरला अथवा ब्रेकच्या होजला घासणार नाही, याची मात्र खातरजमा करावी.

चौथा उपाय होजचा. जुन्या रबरी होज दाबाने किंचित फुगतात. पोलादी तारांच्या विणीचे होज वापरले की पेडल अधिक टणक लागते. मोटार थांबण्याचे अंतर त्याने घटत नाही; चालकाला अंदाज नेमका येतो, एवढाच लाभ.

या चार गोष्टी करूनही उष्णता आवरत नसेल, तरच मोठ्या चकत्या व मोठे कॅलिपर यांचा विचार करावा. मोठ्या चकतीत लोखंड अधिक, म्हणून ती तेवढ्याच उष्णतेने कमी तापते. छिद्रे पाडलेली चकती दिसावयास देखणी खरी, परंतु वारंवार तापून-निवून छिद्रांच्या कडांना तडे जाण्याचा धोका तिच्यात असतो.

येथे गणिताचा एक सापळा आहे. कॅलिपरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २० ऐवजी ३० चौरस सेंटीमीटर केले आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर जोर दीडपट होतो खरा, पण ऑईलही दीडपट लागते. आणि पेडल तितकेच खोल जाते. एका बाजूने मिळते ते दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. शिवाय पुढील व मागील ब्रेकमधील तोल बिघडतो. मागील ब्रेक प्रमाणाबाहेर जोरकस झाले तर मागील चाके आधी अडकतात आणि मोटार स्वतःभोवती गिरकी घेते. कारखान्यातील अभियंत्यांनी हा तोल पुष्कळ परिश्रमांनी साधलेला असतो. एखादा सुटा भाग मोठा करून तो सुधारत नाही. चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा तर कोणत्याही सबबीवर बंद करू नये.

टायरचे माहात्म्य

मोठ्या ब्रेकमुळे मोटार कमी अंतरात थांबते, हा समज सर्वत्र रूढ आहे. तो बरोबर नाही. चालू स्थितीतील साध्या मोटारीचे ब्रेकसुद्धा चाक अडकविण्याइतके समर्थ असतात. एकदा चाक अडकण्याच्या बेतात आले की पुढचे सारे टायर व रस्ता यांच्या पकडीवर ठरते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे ४९ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली तर हेच अंतर ९८ मीटर होते. चालकाला भान येऊन पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी २८ मीटर. लाखभर रुपयांचे कॅलिपर हे अंतर हातभरही कमी करीत नाहीत. झिजलेले टायर बदलले तर ते खचितच कमी होते.

मग धावपट्टीसाठी सुधारलेल्या ब्रेकचा उपयोग कोणता? पहिल्या वळणावर जसे धरले तसेच विसाव्या वळणावरही धरणे, हा. त्यांचे मूल्य एकदा थांबविण्यात नसून वारंवार थांबविण्यात आहे.

धावपट्टीवरील शिस्त

यंत्राइतकीच चालकाची वागणूकही महत्त्वाची असते. ब्रेकवर पाय हलकेच ठेवून लांबवर रेंगाळत येणे, ही सवय चकती भाजून काढते. सरळ रेषेत असता, ठामपणे आणि थोडक्या वेळासाठी ब्रेक दाबून तो सोडणे, ही योग्य रीत होय. जाण्यापूर्वी पॅडची जाडी, चकतीवरील तडे, ऑईलची पातळी व चाकांचे नट तपासावेत. पेडल जराही खोल गेल्यासारखे वाटले तर ती फेरी पूर्ण करण्याचा हट्ट न धरता वेग उतरवून बाहेर यावे. शेवटची फेरी नेहमी सावकाश, शक्यतो ब्रेक न वापरता मारावी, म्हणजे वाऱ्याने चकती निवते. मोटार उभी केल्यावर तापलेल्या ब्रेकवर हातब्रेक ओढू नये. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा. बैलगाडीचा तो ठोकळा शर्यतीच्या मैदानावरही असा उपयोगी पडतो.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशिलांशी निर्मात्याने मूळ ठरविलेली वैशिष्ट्ये जुळेनाशी होतील असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालाने ही मर्यादा अधिक स्पष्ट झाली आहे. झिजलेल्या पॅडच्या जागी योग्य दर्जाचे पॅड घालणे किंवा ऑईल बदलणे ही देखभाल होय; परंतु मूळ रचनाच पालटावयाची असेल तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. त्याच अधिनियमाच्या कलम १८९ अन्वये राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे हा दंडनीय अपराध आहे. वेगाची हौस असावी. पण तिची जागा कुंपणाआड, वैद्यकीय पथक व अग्निशमनाची सोय असलेली धावपट्टी ही होय. गावचा रस्ता ही ती जागा नव्हे.

धावपट्टीपासून घाटापर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे वळणे उचित होईल. ५०० मीटर उंचीचा घाट उतरताना १२०० किलोग्रॅमच्या मोटारीची सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. म्हणजे धावपट्टीवरील सहा जोराच्या ब्रेकइतकी. भरलेल्या १५ टनी बसच्या बाबतीत हाच आकडा ७ कोटी ३५ लाख ज्यूलच्या घरात जातो. तेवढ्या उष्णतेत ३० अंशांचे अडीचशे लिटर पाणी उकळेल. ही सारी उष्णता ब्रेकच्याच माथी मारावयाची की तिचा मोठा वाटा इंजिनाकडे सोपवावयाचा, हे चालकाच्या हाती असते.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच अथवा त्याहून खालच्या गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना दंडक याच गणितावर आधारलेला आहे. डिझेल वाचविण्याच्या मोहाने न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे इंजिनाची मदत आपण होऊन नाकारणे होय. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहूनही घातक. कारण मोटारीत ब्रेकला जोर देणारी निर्वात यंत्रणा थोड्याच वापरात रिकामी होते, आणि बस-ट्रकमध्ये हवेच्या टाकीत नवा दाब भरला जात नाही. ब्रेकवर पाय सतत दाबून न ठेवता वेग वाढला की ठामपणे दाबावा, वेग उतरला की सोडावा. जळका वास आला, पेडल बदलल्यासारखे वाटले, तर सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी, चाकांना दगड लावावेत आणि ब्रेक पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये. लोखंडाला तडे जातात.

शिक्षकांनी वर्गात गतिज ऊर्जेचे सूत्र शिकविताना आपल्याच तालुक्यातील घाटाचे उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या बस चालवील, कोणी गॅरेज काढील, कोणी अधिकारी होऊन वाहनांची तपासणी करील. अधिकाऱ्यांनी योग्यता प्रमाणपत्र देताना लायनर व टायर यांबरोबरच ब्रेक ऑईल किती जुने आहे, हेही विचारावे. वाहनमालकांनी दिव्याबत्तीवर आणि सजावटीवर खर्च करण्यापूर्वी एक डबा ताजे ऑईल व चांगल्या पॅडचा एक संच घ्यावा. आणि ज्या तरुणाला धावपट्टीचे वेड आहे त्याने तेथे अवश्य जावे. मात्र तेथे शिकलेली शिस्त सोबत घेऊन घाट उतरावा.

माणसे विश्वासाने गाडीत बसतात, तेव्हा त्यांचा जीव चाकाच्या आत दडलेल्या तळहाताएवढ्या पॅडवर आणि नळीतल्या वाटीभर ऑईलवर अवलंबून असतो. त्यांची निगा राखण्यास फार मोठी विद्या लागत नाही आणि फार मोठा पैसाही लागत नाही. ती वेळच्या वेळी राखली जावी, एवढीच सर्व श्रोत्यांना विनंती.